बातमीआधी धूर

एप्रिल २०१० मध्ये मी चार दिवस फ्रँकफर्टच्या विमानतळावर अडकले होते. बाहेर लख्ख ऊन, आकाश निळंभोर, आणि त्या आकाशात एकही विमान नाही. आइसलँडमधला एक ज्वालामुखी राख ओकत होता. त्याचं नाव बातम्या देणाऱ्या बाईलाही धड उच्चारता येत नव्हतं. आमच्यासाठी ओळीने घडीच्या खाटा टाकल्या होत्या. शेजारच्या खाटेवर लेकीकडून परतणारे नागपूरचे एक काका होते. ते दर दोन तासांनी डब्यातला चिवडा किती उरला ते बघायचे आणि झाकण लावून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कुणी भूगर्भतज्ज्ञ सांगत होते, की हे काहीच नाही, आइसलँडमध्ये खरा उत्पात झाला होता तो १७८३ साली, लाकीच्या उद्रेकात. ते पुढे बरंच बोलले, पण माझं डोकं त्या आकड्यापाशीच थांबलं आणि आतून पाठांतराच्या सुरात उत्तर आलं: १७८३, राघोबादादांचा मृत्यू, कोपरगाव.

याला जबाबदार आमचे अण्णा. ते कोपरगावात शाळेत इतिहास शिकवायचे, आणि घरी आम्हा भावंडांकडून सनावळ्या घोकून घ्यायचे. १७६१ पानिपत, १७७३ नारायणरावाचा खून, १७९५ खर्डा, १८१८ विषयच संपला. प्रत्येक सनासमोर एक ओळ, फार तर दोन. १७८३ पाठ्यपुस्तकात नव्हताच. पण राघोबादादांचा वाडा आमच्या गावात, गोदावरीच्या अंगाला, त्यामुळे अण्णांनी तो स्वतःच्या अधिकारात यादीत घुसवला होता. माझ्या लेखी त्या वर्षी जगात एवढंच घडलं होतं: एक पराभूत माणूस आमच्या गावी येऊन वारला.

आणि आता एक अनोळखी गृहस्थ सांगत होते, की त्याच वर्षी जमीन फाटली होती.

परत आल्यावर मी एका वहीत १७८३ चं पान उघडलं. एक पान पुरेल असं वाटलं होतं. पंधरा वर्षांत तीन वह्या झाल्या.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की १७८३ सालात राहणारी माणसं त्या मानाने कमीच. पुण्यात शके १७०४ चालू होतं. ते पाडव्याला संपलं आणि शुभकृत जाऊन शोभकृत संवत्सर लागलं. नावं बघा, एकाहून एक मंगल. दिल्लीकडे संवत १८४० येऊ घातलं होतं. जपानात तेन्मेईचं तिसरं वर्ष होतं. सगळ्यांचं मिळून एक वर्ष असं नव्हतंच. पण हवा मात्र सगळ्यांची एकच होती, आणि ती त्या वर्षी बिघडली.

सुरुवात जमिनीपासून झाली. ५ फेब्रुवारीला इटलीच्या पायथ्याशी, कालाब्रियात, पहिला धक्का बसला. मार्चअखेरपर्यंत असे पाच मोठे धक्के बसले आणि हजारोंनी माणसं मेली. आकडे तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगतात. शिला नावाच्या गावची हकीकत मला विसरता येत नाही. पहिल्या धक्क्यानंतर लोक घरात जायला घाबरले. गावचा म्हातारा सरदार आणि बरीचशी रयत समुद्रकिनाऱ्यावर झोपायला गेली, कारण तिथे अंगावर पडायला भिंतीच नव्हत्या. रात्री पुन्हा जमीन हलली, शेजारचा डोंगर समुद्रात कोसळला आणि त्याच्या लाटेने किनारा धुऊन नेला. सुमारे दीड हजार माणसं गेली. घरात राहिलेले कित्येक वाचले.

त्यानंतर पाचव्या दिवशी, १० फेब्रुवारीला, पुण्यात लग्न होतं. नवरदेव सवाई माधवराव, वय वर्षं नऊही पुरी नाहीत. नवरी थत्त्यांच्या घरची रमाबाई. नाना फडणीसांनी या लग्नाच्या व्यवस्थेच्या बारीकसारीक याद्या केल्या होत्या. सात-आठ वर्षं इंग्रजांशी चाललेलं युद्ध आटोपलं होतं आणि शहराला एकदाचा श्वास घ्यायला मिळाला होता. सालबाईचा तह मे १७८२ मधला, ग्वाल्हेरजवळ महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झालेला. पण नानांनी तो बराच काळ लोंबकळत ठेवला. तिकडे हैदर अली इंग्रजांशी लढत होता, आणि नानांच्या हातातलं ते एक पान होतं. डिसेंबरात हैदर वारला आणि ते पान गेलं. तहाची शेवटची देवाणघेवाण पूर्ण झाली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये, म्हणजे लग्नाच्याच महिन्यात. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली. राघोबादादांना महिना पंचवीस हजार रुपये नेमणूक मिळाली आणि राहायला जागा निवडण्यासाठी चार महिन्यांची मुदत. त्यांनी गोदाकाठ निवडला.

म्हणजे तह झाला, शिक्के उमटले, मांडवही उतरला. आता पुढची गोष्ट.

८ एप्रिल. पाडवा होऊन जेमतेम आठवडा. मुंबईहून ‘रेंजर’ नावाचं इंग्रजांचं लहानसं जहाज दक्षिणेला निघालं होतं. त्यावर कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ असे बडे अधिकारी होते. बिदनूरकडे टिपूशी लढणाऱ्या फौजेत त्यांना दाखल व्हायचं होतं. रत्नागिरीच्या दर्यात त्यांची गाठ पडली आनंदराव धुळपांच्या आरमाराशी. धुळप म्हणजे विजयदुर्गचे, पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार. काही तास तोफा चालल्या. रेंजरवरची माणसं जिवावर उदार होऊन लढली. मेजर शॉ मेला, मॅक्लाउड जखमी झाला. हंबरस्टनला वर्मी जखम लागली आणि महिनाअखेरीस विजयदुर्गातच त्याचा अंत झाला. जहाज पाडाव करून धुळपांनी किल्ल्याखाली आणून बांधलं.

मुंबईकर इंग्रजांनी साहजिकच आकांत केला, की तह झालाय ना आपला? त्यावर उत्तर असं, की तहाची खबर आरमाराला पोचली नव्हती. खरं-खोटं धुळपच जाणोत. पुणं ते विजयदुर्ग काही विलायत नव्हे. मला स्वतःला ही सबब जरा सोयीची वाटते. पण त्या काळात अशी सबब चालायची, कारण ती नेहमी शक्य असायची. शेवटी जहाज आणि माणसं सोडून दिली. मेलेल्यांच्या बाबतीत काही करता येण्यासारखं नव्हतं.

मी विजयदुर्गला गेले तेव्हा बुरुजावरच्या मुलाला हे सांगत बसले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “ताई, इथे अजून रेंज येत नाय.”

धुळपांना हसायचं कारण नाही, याहून मोठा मासला जून महिन्यात आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तहाचा प्राथमिक मसुदा २० जानेवारीला झाला होता. बरोबर पाच महिन्यांनी, २० जूनला, तमिळनाडूतल्या कडलूरच्या समुद्रात सुफ्रेनचं फ्रेंच आरमार आणि ह्यूजचं इंग्रज आरमार एकमेकांवर तुटून पडलं. माणसं मेली, शिडं फाटली, कोण जिंकलं यावर वाद झाले. जून संपता संपता एक जहाज शांततेची बातमी घेऊन आलं. युरोपात युद्ध थांबलं होतं, पण ते थांबल्याची बातमी अजून आफ्रिकेला वळसा घालत होती.

आणि एक बातमी अशी, जी एका माणसाने चालत जाऊन पोचवली. १९ मार्चला लंडनमध्ये ओलाउडा इक्वियानो हा एकेकाळचा गुलाम गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या दारात उभा राहिला. ‘झाँग’ नावाच्या गुलामवाहू जहाजावरून दीडेक वर्षापूर्वी सव्वाशेहून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकून दिली होती, आणि मालकांनी त्यांची नुकसानभरपाई विमा उतरवणाऱ्यांकडे मागितली होती. पंचांनी मालकांच्या बाजूने कौलही दिला होता. खून म्हणून तो खटला कधी उभाच राहिला नाही. वाद होता तो माल कुणाच्या जोखमीवर बुडाला याचा. मेमध्ये वरच्या न्यायपीठाने फेरसुनावणीला परवानगी दिली, शार्पने पत्रं लिहून रान उठवलं, आणि जूनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटकडे पहिला अर्ज दिला. वहीत हे पान मी पटकन उलटते.

आता जून.

४ जूनला फ्रान्समधल्या आनोने गावी माँगोल्फिए या कागद कारखानदार भावांनी कापड आणि कागदाची एक अजस्र पिशवी बाजारचौकात आणली, खाली आग पेटवली, आणि ती पिशवी गावकऱ्यांसमक्ष आकाशात गेली. ती गरम हवेने उडते हे त्या भावांना ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत होती की उचलण्याचं बळ धुरात आहे. म्हणून ते मुद्दाम धूर होईल असं जाळण जाळायचे: ओला पेंढा, लोकर. पुढे एका प्रयोगात जुने जोडे आणि नासकं मांसही घातल्याचं सांगतात. उडवणारी चीज भलतीच, पण उड्डाण खरं.

चारच दिवसांनी, ८ जूनला, रविवारी सकाळी, आइसलँडच्या दक्षिणेला लाकी डोंगराजवळ जमीन उसवली. आपण ज्वालामुखी म्हणताच एक शंकू डोळ्यांसमोर आणतो. हा तसा नव्हता. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आणि तिच्यावर शंभरावर तोंडं. ती आठ महिने ओकत राहिली, फेब्रुवारी १७८४ पर्यंत. लाव्हाने व्यापलेली जमीन मोजली तर जवळजवळ बृहन्मुंबईएवढी भरते. स्काफ्ताउ नदी आटली, आणि मग तिच्याच दरीतून आग वाहत खाली आली.

त्या मुलखात योन स्टाइनग्रिम्सन नावाचा पाद्री होता. तो सगळं लिहून ठेवत होता, आणि त्याच्यामुळेच आपल्याला हे कळतं. २० जुलैच्या रविवारी लाव्हा त्याच्या चर्चच्या दिशेने येत होता. गावकरी आत जमले. ही बहुधा इथली शेवटचीच प्रार्थना, अशीच सगळ्यांची समजूत. त्याने नेहमीपेक्षा लवकर आटोपलं नाही, उलट सावकाश चालवलं. बाहेर येऊन पाहतात तो लाव्हा थबकलेला. मागून येणारा थर पुढच्या थरावर चढत होता, पण पुढे सरकत नव्हता. तो दिवस आइसलँडमध्ये अजून ‘आगीची प्रार्थना’ म्हणून ओळखतात.

ही झाली सांगण्यासारखी गोष्ट. पाद्रीबुवांच्या टिपणांत न सांगण्यासारखंच जास्त आहे. मेले ते आगीने नव्हे. गवतावर राख बसली होती. तिच्यात फ्लोरिन होतं. मेंढ्यांच्या पायांवर, जबड्यांवर गाठी आल्या, घोड्यांचे आयाळ-शेपट्या झडल्या, कातडी सडली. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही विहिरींच्या पाण्याने दात आणि हाडं बिघडतात, तेच हे, पण शतपटीने. देशातल्या मेंढ्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त मेल्या, गुरं निम्मी गेली. मग माणसं उपासमारीने जाऊ लागली. पन्नासेक हजारांच्या त्या देशात पाचातलं एक माणूस तरी गेलं. त्यात योनची बायकोही गेली. आइसलँडच्या भाषेत या काळाला ‘धुक्याचे हाल’ अशा अर्थाचा शब्द आहे.

आणि या पाद्रीबुवांना बक्षीस काय मिळालं? डेन्मार्कच्या राजाकडून आलेले मदतीचे पैसे त्यांच्या हाती मोहोरबंद पेटीत दिले होते, ते वरच्या अधिकाऱ्याला पोचवायचे म्हणून. वाटेत भेटलेली माणसं बघून त्यांनी मोहोर फोडली आणि थोडे पैसे तिथेच वाटले. त्याबद्दल त्यांना दंड झाला, जाहीर माफी मागावी लागली. हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. दुष्काळी कामाच्या फायली सगळीकडे एकाच गाठीने बांधतात.

मुख्य भूमीवर तोवर काय चाललं होतं? धूर दहा दिवसांत पोचला. १७ जूनला प्राग, मग बर्लिन, पॅरिस, २३ च्या सुमारास इंग्लंड. पावसाने न विरणारं, वाऱ्याने न हटणारं कोरडं धुकं, गंधकाच्या वासाचं. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं, आणि सकाळ-संध्याकाळी तो रक्तासारखा दिसायचा. सेल्बर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट रोजची हवा टिपून ठेवायचा. त्याने लिहिलंय, की खाटकाने कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगं राहत नव्हतं आणि गल्ल्यांत माश्यांचे थवे होते. शेतमजूर दम लागून पडत होते. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा वीसेक हजार मृत्यू जास्त झाले असावेत, असा आताच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

हे कशामुळे, ते कुणालाच कळेना. आइसलँडची बातमी कोपनहेगनला पोचली सप्टेंबरात. तोवर धूर अर्ध्या जगाच्या नाकातोंडात गेला होता. लोकांनी आपापल्या परीने हिशोब लावला. कालाब्रियाच्या भूकंपात जमिनीतून वाफा निघाल्या असतील, असं काहींचं म्हणणं. प्रलय जवळ आला, असं बऱ्याच जणांचं. पॅरिसचे खगोलशास्त्री लालांद यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की घाबरू नका, असं पूर्वीही झालंय. त्यात १८ ऑगस्टच्या रात्री एक प्रचंड उल्का इंग्लंडवरून फ्रान्सकडे जळत गेली. विंडसरच्या किल्ल्याच्या गच्चीवर गप्पा मारत उभ्या असलेल्या काही शास्त्रज्ञांनी ती नीट न्याहाळली, वेळ टिपली, उंचीचा हिशोब मांडला. आपल्या डोक्यावर आग धावतेय आणि आपण मिनिटं मोजतोय, हे मला त्या शतकाचं सगळ्यात लोभस रूप वाटतं.

आकाशाची भीती कशी होती त्याचा आणखी एक मासला, जरा वाट वाकडी करून. फ्रान्समध्ये सांतोमेर गावच्या एका गृहस्थाने घरावर वीज ओढून घेणारी सळई लावली. शेजारपाजारच्यांना वाटलं, हा मुद्दाम वीज बोलावतोय. त्यांनी सळई काढण्याचा हुकूम मिळवला. प्रकरण आरासच्या कोर्टात गेलं. मे १७८३ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या वकिलाने विज्ञानाच्या बाजूने जोरदार वकिली करून ते जिंकलं, आणि भाषणाची छापील प्रत सळईचे जनक बेंजामिन फ्रँकलिन यांना आदराने पाठवली. वकिलाचं नाव माक्सिमिलियाँ रोब्स्पिएर. दहा वर्षांनी पॅरिसमध्ये गिलोटिन थांबेनासं झालं, तेव्हा या नावाची ओळख बदललेली होती.

फ्रँकलिन तेव्हा पॅरिसलाच होते, अमेरिकेचे राजदूत म्हणून. सत्तरी उलटलेली, मूतखड्याने बेजार. ३ सप्टेंबरला त्यांनी इंग्लंडशी तहावर सही केली आणि अमेरिका मोकळी झाली. फुगे त्यांनी पाहिले, धुकंही अनुभवलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक छोटं टिपण लिहिलं. या धुक्याने सूर्याची किरणं अडवली असतील का, म्हणून जमीन तापली नाही आणि हिवाळा असा कडक पडला का, आणि हा धूर आइसलँडच्या ज्वालामुखीचा असेल का? डोंगर त्यांनी चुकीचा धरला होता, पण बोट बरोबर देशावर ठेवलं होतं. भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून बघितले तर कागदही नीट पेटत नव्हता, असा पुरावाही दिला. अण्णांना मी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, “बघ, मूतखडा असून.”

जगाच्या दुसऱ्या टोकाला, याच उन्हाळ्यात, जपानमध्ये असामा पर्वत धुमसत होता. त्याचा लाकीशी काही संबंध नाही. दोघांनी एकच वर्ष निवडलं एवढंच. ५ ऑगस्टला त्याच्या कुशीतून दगडमातीचा लोंढा सुटला आणि कानबारा गावावर आला. गावात ५७० माणसं. टेकाडावर कन्नोनचं देऊळ होतं. आपल्या कान्हेरी-अजिंठ्याच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानात जाऊन कन्नोन झाला, तीच ही देवता. पायऱ्या चढून देवळात पोचलेली ९३ माणसं वाचली, बाकी गाव गाडलं गेलं. पन्नासेक पायऱ्यांपैकी वरच्या पंधरा तेवढ्या आज जमिनीच्या वर आहेत. १९७९ मध्ये तिथे खणलं, तेव्हा खालच्या पायऱ्यांशी दोन बायकांचे सांगाडे सापडले. एक तरुण, एक वयस्कर. तरुण बाईने वयस्कर बाईला पाठीवर घेतलं होतं, असं त्यांच्या पडण्यावरून दिसतं. आई असेल, सासू असेल.

वहीतल्या या पानावर पुढे काही लिहिलेलं नाही.

फुग्यांकडे परत यायला हवं, कारण त्या वर्षाने हसूही दिलं. २७ ऑगस्टला जाक शार्ल यांनी पॅरिसमधून हायड्रोजनचा फुगा सोडला. तो वीसेक किलोमीटरवर गोनेस गावच्या शेतात उतरला. आकाशातून श्वापद पडलेलं बघून गावकरी फावडी-दाताळी घेऊन धावले. भोसकल्यावर ते फुसफुसलं, दुर्गंधी सुटली, म्हणून अजून भोसकलं. त्यानंतर सरकारला जाहीरनामा काढावा लागला, की असं काही दिसलं तर भिऊ नका. मला गोनेसच्या लोकांचा राग येत नाही. दोन महिने लाल सूर्य बघून झाल्यावर आकाशातून पडणाऱ्या वस्तूला त्यांनी काय हार घालायचा?

१९ सप्टेंबरला व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर गेले आणि सुखरूप उतरले. कोंबड्याचा पंख दुखावला होता. चौकशीअंती दोष मेंढीच्या लाथेचा निघाला. मग माणूस. राजाचं म्हणणं, आधी कैद्यांना पाठवा. पिलात्र द रोझिए या तरुणाला तो मान कैद्यांना देणं पसंत नव्हतं. २१ नोव्हेंबरला तो आणि मार्की दार्लांद असे दोघे पॅरिसवरून पंचवीस मिनिटं तरंगले. आग सारखी पेटती ठेवावी लागायची, आणि मार्की खालची नदी बघण्यात इतका रमला की रोझिएला त्याच्यावर खेकसावं लागलं: पेंढा टाका, नाहीतर नदीतच जाल! मग फुग्याच्या कापडाला ठिणग्यांनी भोकं पडू लागली आणि दोघे ओल्या बोळ्याने ती विझवत बसले. माणसाचं पहिलं उड्डाण असं, घरगुती.

१ डिसेंबरला शार्ल स्वतः आणि त्यांचा फुगा बांधणाऱ्या रोबेर भावांपैकी धाकटा वर गेले. संध्याकाळी उतरले. रोबेर खाली पाय टेकतो न टेकतो तोच हलका झालेला फुगा शार्लना एकट्याला घेऊन तीन हजार मीटरच्या घरात चढला. खाली सूर्य मावळला होता, वर तो पुन्हा दिसला. एकाच दिवसात दोनदा सूर्यास्त बघणारा तो पहिला माणूस. कान असह्य दुखू लागले म्हणून तो खाली आला, आणि पुन्हा कधीही फुग्यात बसला नाही.

याच दिवसांत, नोव्हेंबरच्या अखेरीस, लंडनच्या रॉयल सोसायटीत जॉन मिशेल या पाद्र्याचा निबंध वाचला गेला. त्याचं म्हणणं असं, की सूर्याएवढ्याच घनतेचा पण त्याच्या पाचशेपट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाशही त्याच्यापासून सुटू शकणार नाही. तो तिथे असेल, पण त्याची खबर आपल्याला थेट कधीच मिळणार नाही. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आणि आपल्याकडे? उत्तर हिंदुस्थानात त्या साली पाऊस गेला. दिल्ली, पंजाब, राजपुताना, अवध, सगळीकडे. संवत १८४० चा म्हणून ‘चालिसा’. दुष्काळाला नाव ठेवायलाही उसंत नव्हती, सालाचा आकडाच नाव झाला. त्याआधीचा मद्रासकडचा दुष्काळ धरून एक कोटीच्या वर माणसं गेली असावीत, असा एक अंदाज आहे. अंदाजच. मोजणारं कुणी नव्हतं. लखनौला नबाब असफउद्दौल्याने १७८४ मध्ये बडा इमामबाडा बांधायला काढला तो लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. खानदानी माणसांना उजेडात टोपली उचलायची लाज वाटू नये म्हणून रात्रीही काम चालायचं, असं लखनौकर सांगतात. तिकडे इजिप्तमध्ये नाइलचा पूर आला नाही आणि तिथेही माणसं उपाशी मेली.

लाकीच्या गंधकाने उत्तर गोलार्ध थंडावला, जमीन पुरेशी तापली नाही, म्हणून आफ्रिकेचा आणि आपला मान्सून दुबळा पडला, असं काही शास्त्रज्ञांनी संगणकावर हवामान उभं करून दाखवलंय. नाइलच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. चालिसाच्या बाबतीत मी हात राखून आहे. त्या काळी प्रशांत महासागरातला एल निनोही जोरात होता असं मानतात, आणि आपला पाऊस रुसायला आइसलँडची गरज लागत नाही. सगळ्या गाठी एकाच दोऱ्याच्या निघाल्या की वाचणाऱ्याला बरं वाटतं, म्हणूनच मला त्यांची धास्ती वाटते. तरीही राजपुतान्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने त्या आषाढात आकाशाकडे बघितलं असेल आणि ते नेहमीपेक्षा गढूळ का, असं त्याला वाटलं असेल, हे मनातून जात नाही.

११ डिसेंबरला, शार्लच्या दोन सूर्यास्तांनंतर दहाव्या दिवशी, राघोबादादा कोपरगावी वारले. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. अटकेपर्यंत फौजा धाडणारा माणूस, पुतण्याच्या खुनाचा डाग घेऊन, इंग्रजांच्या वळचणीला जाऊन, शेवटी महिन्याच्या नेमणुकीवर. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. धाकटा मुलगा चिमाजी अप्पा पुढच्या वसंतात जन्मला. थोरला मुलगा, म्हणजे दुसरा बाजीराव, आठ वर्षांचा होता. पस्तीस वर्षांनी पेशवाई त्याच्याच हातून जायची होती, पण त्या वाड्यात त्या दिवशी तो फक्त बाप गेलेला मुलगा होता.

फ्रँकफर्टहून चौथ्या दिवशी मी घरी फोन लावला. विमान कधी सुटणार हे सांगायच्या आधी मी विचारलं,

“अण्णा, १७८३?”

“राघोबादादा. कोपरगाव. मार्गशीर्ष वद्य तृतीया.” त्यांनी श्वासही घेतला नाही. “का गं?”

“त्याच वर्षी इकडे आइसलँडला मोठा ज्वालामुखी झाला होता म्हणे. धूर सगळ्या युरोपभर.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन तुटला.

“मग त्या साली इकडे पाऊस कसा होता ते बघायला पाहिजे,” ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. अण्णा २०१६ साली गेले. त्यांचं कपाट आवरताना सनावळ्यांची वही सापडली, तीच, शाईच्या पेनाने रेघा मारलेली. १७८३ समोर राघोबादादांची ओळ होती. तिच्याखाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात: आइसलँड, धूर. आणि त्यापुढे: पाऊस? सालबाईनंतरची पत्रं बघणे.